रेकॉर्डिंग खोलीचा ठसा

सोमवार, २ सप्टेंबर

महिनाअखेरीस सगळी जुनी सर्टिफिकेटं बाद होणार. सगळी! लायब्ररीतल्या एकाही कॉम्प्युटरला बॅकअपचा सर्व्हर दारात उभं करणार नाही. पुढचे दिवस यातच जाणार.

जेवताना नवऱ्याने विचारलं, सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय गं? म्हटलं, ओळखपत्र. रोज दुपारी प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या फाइलींची प्रत सर्व्हरकडे द्यायला येतो. सर्व्हर विचारतो, तू कोण? हा ओळखपत्र दाखवतो. पटलं तर प्रत आत घेतो, नाहीतर दार बंद. "आणि दार बंद झालं तर?" तर मग त्या कॉम्प्युटरचं काही बरंवाईट झालं की त्यातलं सगळं गेलं.

"आम्ही टेपा कपाटात ठेवायचो. कपाट कधी ओळखपत्र मागत नव्हतं," इति सासूबाई. घशाच्या डॉक्टरांनी त्यांना कमी बोलायला सांगितलं आहे. हे त्यांचं कमी.

मंगळवार, ३ सप्टेंबर

आमची बोलक्या पुस्तकांची लायब्ररी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी माणसं पुस्तकं मोठ्याने वाचतात, आम्ही ती रेकॉर्ड करतो. मला इथे नोकरी लागायच्या कितीतरी आधीपासून आई, म्हणजे सासूबाई, इथे वाचायला येतात, फुकट, हौसेने. त्यामुळे कॉम्प्युटरांचा सगळा डोलारा मी सांभाळत असले तरी ऑफिसात मी 'बाईंची सून'. असो.

सध्या त्या दीपगृहाची कादंबरी वाचताहेत. जाडजूड. पहिला भाग ऐकणाऱ्यांकडे गेला, दुसरा पूर्ण झाला की एकदम पाठवायचा. पूर्ण व्हायला हवा. पुढच्या आठवड्यात घशाचं ऑपरेशन आहे.

डॉक्टर म्हणाले होते, "आवाज परत येईल. पण हाच येईल असं मी सांगू शकत नाही." गाडीत आई नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "चार प्रकरणं राहिलीत." बस, एवढंच.

गुरुवार, ५ सप्टेंबर

कामाची पद्धत ठरली. प्रत्येक कॉम्प्युटर नव्या ओळखपत्रासाठी सर्व्हरकडे आपोआप अर्ज करतो, किंवा पडद्यावरचं 'अर्ज' बटण दाबलं की करतो. अर्जावर त्याचा ठसा असतो, आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ. तोच ठसा त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरही दिसतो. तिथे बसलेल्या माणसाने मला फोनवर तो वाचून दाखवायचा, मी सर्व्हरवर ताडून बघायचा, जुळला की 'मंजूर'. कंटाळवाणं आहे. पण आलेल्या कुणालाही न विचारता आत घेणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे.

हिशेबनीसबाईंनी इतक्या भराभर वाचलं की मला तीनदा थांबवावं लागलं. छपाई खोलीतल्या तरुणीने मध्येच विचारलं, "मॅडम, हे सगळं खरंच बघता का तुम्ही?" म्हटलं, अक्षर न् अक्षर.

रिसेप्शनचा कॉम्प्युटर या जाळ्यात नाहीच. त्यावर पाहुण्यांची ये-जा आणि पत्त्यांचा खेळ. तो जपायचा कशासाठी!

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आई दोन प्रकरणं वाचून आल्या, आता एकच उरलं. घरी आल्यावर बेल दोनदा. दार उघडेपर्यंत पुन्हा दोनदा.

ही त्यांची खास सवय. कुठलंही बटण एकदा दाबून त्यांचं समाधान होत नाही. लिफ्ट दोनदा, बेल दोनदा, टीव्ही दोनदा — म्हणजे सुरू होऊन बंद. रेकॉर्डिंग थांबवायचं बटणसुद्धा! ते एकदा दाबलं की थांबतं, परत दाबलं की तिथूनच पुढे सुरू. त्यामुळे त्यांच्या फाइलींत खोकला असतो, पाण्याचे घोट असतात, चष्म्याची शोधाशोध असते. संपादन करताना आमच्या नाकीनऊ येतात. कितीदा सांगितलं. "एकदा दाबलेलं त्याला ऐकू गेलं कशावरून?" असं म्हणतात.

नवरा हसतो. तो आमच्या दोघींच्या मध्ये कधीच पडत नाही. म्हणतो, मी या घरातली फायरवॉल, दोन्हीकडचं थांबवतो.

सोमवार, ९ सप्टेंबर

रेकॉर्डिंग खोली उरली होती. आई शेवटच्या प्रकरणासाठी तिथे बसल्याच होत्या, म्हणून त्यांनाच फोन केला. वाचायला सांगितलं.

आणि त्यांनी वाचलं! नुसतं नाही वाचलं, सादर केलं. चार अक्षरं, विराम. चार अक्षरं, विराम. आवाज बसलेला, तरी एकेक अक्षर घासून लख्ख.

पण जुळेना. पहिली चारच वेगळी, पुढचीही वेगळी. म्हटलं, "आई, चष्मा लावलाय ना?" "लावलाय." "जवळचा?" "सूनबाई, मला वाचता येतं."

सूनबाई म्हणाल्या म्हणजे पारा चढला. पुन्हा वाचलं. पुन्हा तेच, माझ्या पडद्याशी काहीच जुळेना. बघते तर त्या खोलीच्या नावाने दोन अर्ज! एकाखाली एक. लागलीच उलगडा झाला, आईंनी 'अर्ज' बटण दोनदा दाबलं असणार. कपाळावर हात मारला. वरचा मंजूर केला, खालचा पुसून टाकला. "झालं आई, राहू द्या." "अगं, पण इथे लाल पट्टी आलीय." "येऊ दे, बंद करा."

दहा मिनिटांत सर्व्हरवर त्या खोलीपुढे हिरवी खूण. सगळी यंत्रं हिरवी! मुदतीच्या कितीतरी आधी.

संध्याकाळी आई घरी आल्या, बेल दोनदा. दारातच म्हणाल्या, "संपलं पुस्तक." मी त्यांना मिठी मारली. फोनवरचा राग अजून होता थोडा, पण मारू दिली.

गुरुवार, १२ सप्टेंबर

ऑपरेशन उद्या. आईंनी बॅग स्वतः भरली. नवरा उगाच घरभर फिरतोय.

लायब्ररीत फोनवाल्या काकांचा फोन आला. ते पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होते, आता दिसत नाही, दर आठवड्याला आम्हाला फोन करतात. "दुसरा भाग कधी? दिवा विझला तिथे थांबवलंय मला!" म्हटलं, वाचून झालाय काका, थोडं साफसूफ केलं की पाठवते. "बाईंना सांगा, घाई नाही. पण लवकर."

शुक्रवार, १३ सप्टेंबर

झालं. सगळं नीट. घशातली गाठ साधी निघाली. जीव भांड्यात पडला.

तीन आठवडे अवाक्षर काढायचं नाही. कुजबुजही नाही! डॉक्टर म्हणाले, चिडायचंसुद्धा नाही, कारण चिडलं की माणूस बोलतो. आईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

सोमवार, १६ सप्टेंबर

घर विचित्र झालंय. आई बोलायचं ते मोबाईलवर टाइप करून दाखवतात. "पडदे वाकडे." "दूध गार हवं." "टीव्हीवरची ती बाई 'ळ' खाते." घरात कुणी टोकत नाही हे मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच अनुभवतेय. मजा वाटायला हवी होती. वाटत नाहीये.

बुधवार, १८ सप्टेंबर

रेकॉर्डिंग खोलीतला कॉम्प्युटर गेला. पंख्याची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून त्याला टेबलाखाली फोमच्या पेटीत कोंडलेलं. तापून तापून डिस्क बसली. टकटक असा आवाज करते आणि गप्प.

वाईट वाटलं, पण घाबरले नाही. हिरवी खूण आहे! उद्या नवी डिस्क बसवेन, सर्व्हरवरची प्रत त्यात उतरवेन. याच दिवसासाठी तर एवढा खटाटोप केला. जेवताना जरा मिरवलंसुद्धा. आईंनी अंगठा वर केला.

गुरुवार, १९ सप्टेंबर

अकरा प्रकरणं. त्यापुढे काही नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

काल लिहवलं नाही. आज लिहिते.

सर्व्हरवर रेकॉर्डिंग खोलीच्या नावाखाली कादंबरी अकराव्या प्रकरणापर्यंत आहे. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत वाचलेली. त्यानंतर रोज हिरवी खूण आणि रोज तेच, 'बदल नाही'. मी वेड्यासारखी परत परत बघत बसले.

मग स्क्रूवाल्याला बोलावलं. आमची यंत्रं उघडून दुरुस्त करतो तो. विचारलं, उन्हाळ्यात काय केलंस? आठवून म्हणाला, "तुम्ही रजेवर होता तेव्हा रिसेप्शनचा बंद पडला होता ना? नव्यात सगळं घालत बसण्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल मारली. छान चाललाय की! का?"

जशीच्या तशी. फाइली, नाव आणि ओळखपत्रसुद्धा.

म्हणजे तेव्हापासून सर्व्हरच्या दारात येऊन 'मी रेकॉर्डिंग खोली' असं सांगत होता तो रिसेप्शनचा कॉम्प्युटर. दिवसभर चालू असतो, तो आधी पोचायचा. खरी खोली नंतर यायची तेव्हा सर्व्हर तिला हाकलून द्यायचा. या नावाचं माणूस येऊन गेलं!

आणि त्या सोमवारचे दोन अर्ज — आईंनी काही दोनदा दाबलं नव्हतं. एक अर्ज रिसेप्शनचा होता, एक खोलीचा. आईंनी खोलीचा ठसा वाचला. बरोबर वाचला. दोनदा वाचला. मी तोतयाला आत घेतलं आणि खऱ्याला पुसलं; त्याचीच ती लाल पट्टी.

अक्षर न् अक्षर बघते म्हणे मी! परक्यांचं बघितलं. घरच्या माणसाचं म्हटलं, चष्मा नसेल लावला.

बारापासून शेवटापर्यंत त्या मेलेल्या डिस्कवर आहे, दुसरीकडे कुठेच नाही. आणि तो आवाज आता नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

डिस्क शहराच्या दुसऱ्या टोकाला एका डिस्कवाल्याकडे दिली. काचेच्या खोलीत, डोक्याला टोपी, हातात मोजे. त्याने कानाला लावून टकटक ऐकली. म्हणाला, "आशा ठेवू नका. मीही ठेवत नाही, पण प्रयत्न करतो."

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईला इतक्यात नको. ओरडली तर टाके जातील." बरोबर आहे त्याचं. पण आई सकाळी टाइप करून विचारतात, "दुसरा भाग गेला का काकांना?" आणि मी म्हणते, चाललंय काम.

मंगळवार, २४ सप्टेंबर

खोटं पचत नाहीये. आज तर मी त्यांच्या खोलीत जायचंच टाळलं.

बुधवार, २५ सप्टेंबर

सांगितलं.

सकाळी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. नक्कल, दोन अर्ज, ठसा, सगळं. मध्ये एकदा त्यांनी तोंड उघडलं. मी घाबरून त्यांचा हात धरला, "आई, नका!" त्यांनी मिटलं. मग मोबाईल घेतला. खूप वेळ टाइप केलं, खूप वेळ पुसलं. शेवटी पडदा माझ्याकडे फिरवला.

"मी बरोबर वाचलं होतं."

म्हटलं, हो आई. बरोबर वाचलं होतं.

त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी बाहेर आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. शिक्षासुद्धा मुकी!

शुक्रवार, २७ सप्टेंबर

रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला त्याचं स्वतःचं नाव दिलं, स्वतःचं ओळखपत्र. खोलीसाठी नवा कॉम्प्युटर, नवा अर्ज. ठसा वाचायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच धावत वर गेले, कागदावर उतरवला, धावत खाली आले, ताडला. गुडघे बोलायला लागले. आणि आता नुसत्या हिरव्या खुणेवर भरवसा नाही. रोज एक फाइल बाहेर काढून ऐकते.

काकांना फोन करून खरं सांगितलं. दीपगृहातला दिवा तसाच विझलेला राहणार असं वाटतंय, काका. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणी वाचलं तरी चालेल हो. पण बाई विराम घ्यायच्या ना, तिथे मी श्वास घ्यायचो."



सोमवार, ३० सप्टेंबर

आईंचं टाइप करणंही कमी झालंय. बेल मात्र आज बाहेरून आल्यावर एकदाच वाजवली. एकदाच!

बुधवार, २ ऑक्टोबर

डिस्कवाल्याचा फोन. "मॅडम, फारसं काही हाती लागलं नाही. एकच फाइल धड निघाली. चांगली मोठी आहे, पण कामाची दिसत नाही. सुरुवात ऐकली, कुणी बाई नुसती आकडे-अक्षरं वाचताहेत. टाकून देऊ?"

मी इतक्या जोरात 'नको' म्हणाले की अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सुट्टी काढून आणली. दुपारी लायब्ररीच्या ऐकण्याच्या खोलीत एकटीच बसले, हेडफोन लावले.

आईंचा आवाज. जुना.

"आज सोमवार. मी रेकॉर्डिंग खोलीतल्या पडद्यावरची अक्षरं वाचत आहे. सूनबाईंच्या मते मला दिसत नाही. पुढे वाद नको म्हणून हे नोंदवून ठेवत आहे." आणि मग सगळा ठसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चार अक्षरं, विराम, चार अक्षरं, विराम. म्हणजे मी फोन ठेवल्यावर बाईंनी लाल पट्टी बाजूला सारून माझ्याविरुद्ध पुरावा तयार केला होता! मला हसू आवरेना आणि डोळेही वाहत होते.

मग — टक, टक. थांबवायचं बटण. दोनदा.

म्हणजे थांबलंच नाही.

पाण्याचा घोट. खुर्ची करकरली. चष्म्याची डबी मिटली. त्यांना वाटतंय, रेकॉर्डिंग बंद आहे. एक लांब श्वास. आणि मग अगदी हळू, कुणाशी कोण जाणे, त्या देवाबिवाचं नाव कधी घेत नाहीत —

"पुस्तकापुरता पुरतोय रे. आता हिच्याशी भांडण्यापुरता तरी ठेव."

मग पान उलटल्याचा आवाज, घसा साफ केला, आणि, "प्रकरण शेवटचं."

सगळं आहे. दिवा पुन्हा लागतो तिथपर्यंत, शेवटच्या ओळीपर्यंत. मी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

लायब्ररीच्या प्रतीतून ठसा आणि ते वाक्य कापलं. माझ्या प्रतीतून नाही. ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली आहे, आणि तिन्हीकडून परत काढून ऐकली आहे.

संध्याकाळी आईंना फक्त शेवटचं प्रकरण ऐकवलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. एके ठिकाणी बोट वर केलं, स्वतःचाच उच्चार आवडला नाही. संपल्यावर मोबाईलवर टाइप केलं, "हे कसं वाचलं?" म्हटलं, तुम्ही बटण दोनदा दाबलंत म्हणून. एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या जन्मापर्यंत मला त्या बटणावरून बोलता येणार नाही. मग टाइप केलं: "मधली प्रकरणं तू वाच. मी काचेपलीकडे बसेन. घाई करायची नाही."

मौन उद्या सुटणार.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सकाळी चहाचा कप ठेवला. आईंनी घोट घेतला, कप खाली ठेवला, तोंड उघडलं.

"साखर किती घातलीयस गं? मला काय मुंगी समजतेस?"

आवाज जाड, खरखरीत. फोनवर ऐकला असता तर मी विचारलं असतं, कोण बोलतंय?

भांडण्यापुरता आहे.